चार सिलिंडरांवर

माझे सासरे शोमिशबाय यांनी सगळं आयुष्य अराल समुद्राच्या पाण्यावर मासेमारी करण्यात घालवलं, आणि ज्याला खूर किंवा वल्हं नाही अशा कशावरही त्यांचा विश्वास नव्हता. त्यांचं नाव मी आता घेते आहे. तेव्हा आमच्यात सुनेनं सासऱ्याचं नाव उच्चारायची पद्धत नव्हती. मी त्यांना 'अता' म्हणायची.

आमच्या शागालाली गावाबाहेर, मासे वाळवायच्या माचांपलीकडे, हिवाळाभर एक पो-दोन विमान मुक्कामाला असायचं. कापडाचे दुमजली पंख, चाकांच्या जागी लाकडी घसरपट्ट्या, आणि नाकावर उघड्यावर बसवलेलं एम-अकरा इंजिन. मधली गोल पेटी आणि तिच्या भोवतीनं ताऱ्याच्या टोकांसारखे पाच सिलिंडर. ना वर झाकण, ना पाण्याची टाकी. समोरून येणारा वाराच त्यांना गार ठेवायचा.

"आतडी बाहेर टाकून हिंडणारं जनावर पहिल्यांदाच बघतोय," अता म्हणायचे.

त्या इंजिनाशी माझी ओळख शेगडीमुळे झाली. गावच्या दवाखान्यात डॉक्टर नव्हता, मी होते. लग्नाला जेमतेम वर्ष झालं तोच नवरा लढाईवर गेला आणि परत आला नाही. बायकांना वाटलं, म्हातारा आता सुनेला जाळी विणायला बसवील. अतांनी मला किझिलोर्दाला शिकायला पाठवलं. "जाळी विणणाऱ्या पुष्कळ आहेत," एवढंच बोलले. मी शिकून आले, दवाखाना माझ्या ताब्यात आला, आणि गावात सगळ्यात चांगली तापणारी शेगडी दवाखान्याचीच होती. विमानाचा मिस्त्री त्रोफीम हेगाय हा कोरियन माणूस. रोज संध्याकाळी तो इंजिनातलं तेल डब्यात काढून घ्यायचा, कारण आमच्या थंडीत ते रात्रीतून डांबरासारखं घट्ट व्हायचं. सकाळी तो डबा माझ्या शेगडीवर येऊन बसायचा, सुया उकळायच्या भांड्याला खेटून.

"त्रोफीम-अगा, रोगी विचारतात दवाखान्यात हा कसला वास," मी म्हणायची.

"सांग त्यांना, त्यांच्या आधी एक रोगी नंबर लावून बसलाय म्हणून. त्यालाही सुई टोचायचीच आहे."

ते खरंच होतं. थंडीत सुरू व्हायला इंजिनाला पितळी पिचकारीनं पेट्रोल पाजावं लागायचं. मग त्रोफीम पंखा हातानं सावकाश फिरवायचा. प्रत्येक सिलिंडर आपली पाळी आली की दाब धरायचा आणि सोडायचा. एकदा त्यानं मला बोलावून माझे हात पंख्यावर ठेवले.

"ओढ. आता थांब. लागला का हाताला?"

"लागला."

"नाडी बघतेस तशी बघ. पाच सापडले पाहिजेत. चारच सापडले तर एक झोपलाय, नाहीतर आजारी आहे."

त्या दिवसापासून माझ्या कानाला चाळा लागला. विमान गावावरून गेलं की मी हातातलं काम थांबवून त्याचे ठोके ऐकायची. त्याचा आवाज शिवणयंत्रासारखा होता, मोठा नव्हे पण सलग. गावात असा एकही माणूस नव्हता ज्याच्या घरचं कुणीतरी त्या आवाजामागे बसून शहराच्या इस्पितळात गेलं नसेल. आणि ते इंजिन मागायचं तरी काय? पेट्रोल कसलंही चालायचं. सुटा भाग मिळाला नाही तर त्रोफीम तो कानशीनं घासून घडवायचा. इंजिन कुरकुरायचं, शिंकायचं, काळा धूर सोडायचं आणि चालू व्हायचं. मला ते आवडायचं, हे मी कुणाला सांगितलं नाही. सासऱ्याला तर नाहीच.

वैमानिक ओंदासिन तुर्गायकडचा पोरगेला माणूस, उंचीनं माझ्यापेक्षा कमी. उडताना मोठ्यानं गायचा आणि खाली उतरला की घसा बसलेला असायचा. मला वहिनी म्हणायचा.

मार्च महिना होता. अता त्यांच्या टोळीतल्या पाच जणांना घेऊन बर्फावर गेले होते. बर्फाला भोकं पाडून खाली जाळी सोडायची, हे काम आमच्याकडे बर्फ पिचायला लागेपर्यंत चालतं. सकाळी उत्तरेचा वारा सुटला. मासे आणायला गेलेली शेजारीण रिकामी घसरगाडी घेऊन परत आली. दारातच उभी राहिली, आत येईना.

"मध्ये पाणी आहे," ती म्हणाली. "आपली माणसं पलीकडे आहेत, आणि पलीकडचं सरकतंय."

मी विमानाकडे धावले तर बातमी तिथं आधीच पोचली होती, त्रोफीम पंख्यापाशी उभा होता.

"तयार?" त्यानं विचारलं.

"तयार," ओंदासिन वरून म्हणाला.

पंखा झटक्यानं फिरला, इंजिन दोनदा शिंकलं आणि लागलं. ओंदासिन पाहून परतला तेव्हा गात नव्हता.

"तुकडा मोठा आहे, उतरता येईल. सहा माणसं आणि एक घोडा. एक जण आडवा पडलाय, उठत नाही. वहिनी, पिशवी घे."

विमानात वैमानिकाच्या मागे एक झाकणाची खोप होती. तिच्यात एक स्ट्रेचर आणि शेजारी एक माणूस दाटीवाटीनं बसायचा. वरून पाहिलं तर काळ्या पाण्यात तो पांढरा तुकडा अंगणाएवढा दिसत होता. खाली आलो तसा तो मोठा होत गेला. आम्ही उतरलो. अता घोड्याचा लगाम धरून उभे होते.

"तुला कुणी बोलावलं?" ते म्हणाले.

"आडवा कोण आहे?"

"तुलेगेन. माशांनी भरलेली गाडी पायावर आली."

पाय दोन ठिकाणी मोडला होता. जाळ्याच्या काठ्या लावून मी तो बांधला आणि त्याला स्ट्रेचरवर घेतला. ओंदासिन मला खूण करत होता की शेजारी बस. पण टोळीतल्या आणखी दोघांची बोटं पांढरी पडून कडक झाली होती. पाण्यात पडलेलं जाळं त्यांनी उघड्या हातांनी ओढून काढलं होतं.

"तुलेगेनला आता नुसतं धरून बसायचंय, ते कुणालाही जमेल," मी म्हणाले. "ह्या दोघांची बोटं मात्र कुणालाही जमणार नाहीत."

"पोरी, बैस आत," अता म्हणाले.

"अता, मला शिकायला कुणी पाठवलं होतं?"

ते वळून घोड्याचा पट्टा उगाच घट्ट करत राहिले. तुलेगेनसोबत एक जण गेला. विमान परत येईपर्यंत मी त्या दोघांचे हात माझ्या कोटात, उबेत धरून बसले. दुसऱ्या खेपेला ते दोघं गेले. आता आम्ही तिघं उरलो: मी, अता आणि सादिर. हा सादिर टोळीतला सगळ्यात दांडगा. त्याला बोटीत बसवतानासुद्धा लोक मध्यभागी बसवायचे.

दुसऱ्या खेपेचं विमान वर गेलं आणि किनाऱ्याकडे वळलं. तेवढ्यात काहीतरी फुटल्यासारखा आवाज आला, आणि त्या सलग आवाजात एक खड्डा पडला. विमान थोडं खचलं, सावरलं आणि तसंच रखडत पुढे गेलं.

"काय झालं?" सादिरनं विचारलं.

"एक सिलिंडर गेला," मी म्हणाले.

"मग आता?"

अता म्हणाले, "मी काय म्हणत होतो? आतडी बाहेर ठेवली की असंच होणार." पण त्यात नेहमीची चव नव्हती. त्यांनी गाडीतलं सगळं गवत घोड्यापुढे टाकलं, त्याच्या पाठीवर आपलं पांघरूण घातलं आणि आम्हाला दोघांना त्याच्या आडोशाला बसवलं. सादिरच्या खिशात वाळलेला मासा होता, तो तिघांनी वाटून खाल्ला. थोड्या वेळानं पायाखाली दणका बसला, आणि आमच्या तुकड्याचा दक्षिणेकडचा भाग, जिथं विमान धावून वर चढायचं तो, अलगद सुटून निघून गेला. गेला तो आवाजही न करता. सादिर प्रार्थना पुटपुटू लागला. अता उरलेल्या बर्फावरून पावलं टाकत चालत गेले आणि परत आले.

"विमानाला पुरेल का?" मी विचारलं.

"घोड्याला पुरेल."

तिकडे गावात काय झालं ते मला नंतर त्रोफीमनं सांगितलं. दुसऱ्या सिलिंडरच्या डोक्याला चीर गेली होती आणि चिरेतून जाळ बाहेर येत होता. नवा सिलिंडर शहरात, आणि त्या दिवशी शहर आम्हाला चंद्राएवढं लांब. त्रोफीमनं आजारी सिलिंडरच्या व्हॉल्व्ह उचलणाऱ्या दांड्या काढून घेतल्या. म्हणजे त्याची तोंडं बंद राहतील, आत ना पेट्रोल जाईल ना जाळ पेटेल, आणि बाकीचे चार त्याला मढ्यासारखा सोबत फिरवत राहतील.

"उडेल?" ओंदासिननं विचारलं.

"जमिनीवर उभं राहून कसं सांगू? धडधडेल हे नक्की. पंखा अख्ख्या विमानाला गदगदा हलवील."

"तू माझ्या जागी असतास तर?"

"आधी रडलो असतो. मग गेलो असतो."

"मला रडायला वेळ नाही," ओंदासिन म्हणाला. त्यांनी स्ट्रेचर काढलं, खोपीचं झाकण काढलं, हत्यारांची पेटी उतरवली, टाकीतलं निम्मं पेट्रोल उपसलं. त्रोफीम एरवी जाणाऱ्या विमानाकडे बघत नसे, काम संपलं की पाठ फिरवायचा. त्या दिवशी तो शेवटच्या माचापर्यंत मागोमाग धावत गेला, हे शेजारणीनं सांगितलं. त्यानं नाही.

मला आवाज आधी ऐकू आला. चार ठोके आणि एक रिकामी जागा. चार ठोके आणि एक रिकामी जागा. एखादा माणूस एका पायानं अधू असून झपाझप चालतो तसा. मी उठून उभी राहिले.

"येतंय," मी म्हणाले.

"मला काही ऐकू येत नाही," सादिर म्हणाला.

"येतंय."

ओंदासिन उतरला, पण त्यानं इंजिन बंद केलं नाही. आम्ही वाकून त्याच्यापाशी गेलो. काळ्या तेलाच्या ठिपक्यांनी त्याचं तोंड भरलं होतं.

"बंद केलं तर पुन्हा लागेल का, सांगता येत नाही," तो ओरडून म्हणाला. "गावापर्यंत ओझं झेपणार नाही. पाण्यापलीकडे घट्ट बर्फ आहे, तिथं टाकतो आणि परत येतो. आधी दोघं."

"सादिर आणि ही," अता म्हणाले.

"अता, तुम्ही म्हातारे आहात," सादिर म्हणाला, "तुम्ही..."

"टोळीचा म्होरक्या कोण?"

"तुम्ही."

"मग चढ. आणि पोट आत घे."

घसरपट्ट्या बर्फाला चिकटल्या होत्या. अतांनी शेपटीला खांदा लावून विमान डावी-उजवीकडे हलवलं तेव्हा ते सुटलं. आम्हाला घेऊन विमान धावू लागलं. झाकण नसल्यामुळे वारा सरळ तोंडावर येत होता आणि त्याच्याबरोबर गरम तेल. सगळं विमान हुडहुडी भरलेल्या रोग्यासारखं थडथडत होतं. बर्फाची कड समोर आली. मला वाटलं, संपलं. घसरपट्ट्या पाण्याला लागल्या, फवारा उडाला, आणि त्या चार सिलिंडरांनी आम्हाला पाण्यावरून उचललं. फार नाही, हातभर. तेवढ्याच उंचीवरून आम्ही गेलो. ओंदासिन वर चढायचा प्रयत्नच करत नव्हता, पाण्याच्या अंगाला धरून चालला होता. माझ्या समोर, त्याच्या खांद्यापलीकडे, ते पाच काळे सिलिंडर दिसत होते. कोणता मेलेला आहे ते नुसतं बघून कळत नव्हतं. मी मनातल्या मनात त्यांच्याशी बोलत होते, बाळंतिणीशी बोलते तसं. अजून एकदा. अजून एकदा. शाब्बास, अजून एकदा.

पलीकडच्या बर्फावर आम्ही चालत्या विमानातून उड्या टाकल्या. ओंदासिननं मागे वळूनही पाहिलं नाही. वळला आणि गेला.

मग आवाज लांब गेला, बारीक झाला आणि वाऱ्यात बुडाला. सादिर मला विचारत होता, ऐकू येतंय का. मी त्याला गप्प बसायला सांगितलं. मी टोपी काढून कान उघडे केले, त्या थंडीत, जे मी कुठल्याही रोग्याला करू दिलं नसतं. बराच वेळ नुसता वारा होता. मला वाटून गेलं, आता घरी जाऊन शेगडी पेटवायची आणि दोन पियाल्यांऐवजी एकच काढायचा. नवरा गेला तेव्हा एकदा पियाला कमी करून झालं होतं, म्हणून ते मला माहीत होतं.

आणि मग चार ठोके आणि एक रिकामी जागा.

अता उतरले तेव्हा त्यांच्या हातात घोड्याचा लगाम होता. नुसता लगाम. ओंदासिन मला हळूच म्हणाला, "वहिनी, त्यांनी मला थांबवलं. त्याच्या तोंडातला लगाम काढला आणि कानात काहीतरी बोलले. मग लहान मुलासारखे येऊन बसले." तो घोडा पुन्हा कुणाला दिसला नाही. अतांनी दुसरा घोडा घेतला तो फार उशिरा.

आता ओंदासिननं इंजिन मंद केलं होतं. अता विमानाच्या पुढून वळसा घालून गेले, पंख्यापासून अंतर राखून, आणि उभे राहिले. तेल, काजळी, आणि त्या सगळ्यातून निघणारी ऊब. लांबून ती ऊब तोंडाला लागत होती.

"मेलेला कुठला?" त्यांनी विचारलं.

ओंदासिननं दाखवला.

"एक गेला तर बाकीचे थांबले नाहीत," अता म्हणाले.

आमच्या घरी त्यांच्या मुलाचा विषय कधी निघत नसे. आम्ही तिघं घट्ट बर्फावरून चालत गावाकडे निघालो, सादिर पुढे, त्याच्या पावलात पाऊल ठेवत आम्ही मागे. रिकामं विमान आमच्या डोक्यावरून गेलं. ओंदासिन गात असावा, कारण त्याचं तोंड उघडं दिसत होतं.

गावात पोचलो तर त्रोफीम इंजिनावर गोधडी घालून तिच्यावर हात ठेवून उभा होता. अतांनी त्याला चहाला बोलावलं. तो आला, तिखट कोबीची बरणी घेऊन. अतांनी पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"हेच खाऊ घालून तू इंजिनाला पेटवतोस वाटतं," ते म्हणाले.

"ते जास्त मागतं," त्रोफीम म्हणाला. "तुमच्यासाठी कमी तिखट आणलंय."

तुलेगेनचा पाय जुळला, जरा आखूड. दोघांपैकी एकाची दोन बोटं गेली, दुसऱ्याची सगळी वाचली.

पुढे शहरातून नवा सिलिंडर आला आणि विमान आणखी काही हिवाळे उडालं. मग मोठी विमानं आली, झाकलेल्या नाकाची, आणि आमच्या पो-दोनचे पंख सोडवून टाकले. ओंदासिनला मोठ्या विमानांवर घेतलं. निरोपाला आला तेव्हा म्हणाला, नव्यात नऊ सिलिंडर आहेत, पण एकही ओळखीचा नाही. इंजिन भंगारात जायचं होतं. मच्छीमारांच्या सभेत अता उठले. सभेत ते सहसा बोलत नसत.

"ते इंजिन गावाला पाहिजे," ते म्हणाले. "बर्फावर चालणारी गाडी करू. इंजिन मागे, पंखा मागे, माणसं पुढे. सुनेला दवाखान्याच्या कामाला लांब लांब जावं लागतं."

"आणि गाडी करणार कोण?" कुणीतरी विचारलं.

अतांनी त्रोफीमकडे पाहिलं. त्रोफीमची बदली झाली होती, सामान बांधलेलं होतं. तो म्हणाला, "लाकूड कसलं देणार त्यावर आहे."

लाकूड अतांनी जुन्या बोटीचं दिलं, आणि सगळा उन्हाळा ते दोघं भांडले. अतांचं म्हणणं, उडणारा बर्फ आत शिरेल, झाकण हवं. त्रोफीमचं म्हणणं, झाकलं तर ते गुदमरेल, त्याला वारा लागतो. शेवटी झाकण झालं नाही, पण अतांनी पंख्याभोवती जाळीचं कुंपण घातलं. कुणाचं जनावर त्यात सापडायला नको.

पहिल्या हिवाळ्यात करातुप गावाहून निरोप आला की एक बाई अडली आहे. बर्फ गोठून थोडेच दिवस झाले होते, घोडा घालायची कुणाची तयारी नव्हती. आम्ही तिघं निघालो. त्रोफीम सुकाणूवर, अता त्याच्या शेजारी बर्फ वाचायला, मी मागे पिशवी धरून, पाठीशी इंजिन. पाची ठोके लागत होते.

मध्येच अतांनी हात वर केला. "थांब. इथं रंग वेगळा आहे."

"मला एकसारखाच दिसतो," त्रोफीम म्हणाला.

"तुला कोबी दिसतो. डावीकडून घे."

"डावीकडून लांब पडतं."

"लांब पडू दे. बुडलो तर तुझं हे इंजिन पोहणार आहे का?"

"तुमचं," त्रोफीम म्हणाला, "सभेत तुम्ही मागितलंत." आणि त्यानं डावीकडून घेतलं.

आम्ही वेळेत पोचलो. मुलगी झाली, भरपूर रडणारी. तिची आजी बाहेर येऊन त्या दोघांना आत बोलावत होती, पण अता इंजिनाजवळून हलायला तयार नव्हते. ते आपल्या अंगरख्याच्या बाहीनं एकेका सिलिंडरवरचा बर्फ झटकत होते, आणि त्रोफीम त्यांना सांगत होता की उगाच करताय, गरम आहे, आपोआप वितळेल.

"वितळू दे," अता म्हणाले. "माझे हात तरी शेकतील."